सजावट तपासणीनंतर येते

(अग्निशमन सेवा सप्ताहानिमित्त दिलेले स्मृतिव्याख्यान)



हे व्याख्यान ज्यांच्या स्मरणार्थ आहे ते अग्निशमन दलाचे ६६ जवान १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतल्या स्फोटांत मृत्युमुखी पडले. ज्यात स्फोट झाले त्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजात दारूगोळा होता, हे आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले असते. त्याच जहाजात कापसाच्या गाठीही होत्या आणि पहिला धूर निघाला तो त्या कापसातून, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. मी आयुष्यभर कापड आणि त्यावरची रसायने यांत काम केले. म्हणून आजच्या दिवशी मला बोलायचे आहे ते धंद्याच्या जागेत आपण हौसेने टांगतो, चिकटवतो, पसरतो त्या वस्तूंविषयी: पडदे, झालरी, छताखालचे कापड, फोमचे बॅकड्रॉप, प्लास्टिकच्या वेली, बांबूचे मांडव.

एक प्रश्न विचारून सुरुवात करतो. माझ्या मागे हा जो मखमली पडदा आहे, त्यावर ज्वालारोधक प्रक्रिया झाली आहे का? झाली असेल तर कधी? त्यानंतर तो किती वेळा धुतला? हा प्रश्न मी दुपारी इथल्या व्यवस्थापकांना विचारला. त्यांनी अग्निशामक सिलिंडर दाखवले, त्यांवरची तारीख दाखवली, बाहेर पडायच्या दारांवरचे दिवे लावून दाखवले. सगळे व्यवस्थित होते. पडद्याबद्दल मात्र कागद नव्हता. त्यांना मी दोष देत नाही. उद्या आपापल्या ठिकाणी जाऊन विचारा, दहापैकी नऊ ठिकाणी हेच उत्तर मिळेल असे मला वाटते.

असे का होते? कारण सजावट तपासणीनंतर येते. इमारत उभी राहते, एनओसी मिळते, पंप आणि पाण्याच्या लाइनी पाहिल्या जातात, जिन्यांची रुंदी मोजली जाते. मग इंटिरिअरवाला येतो. दिवाळीला एक सजावट, नाताळला दुसरी, लग्नसराईत रोज नवी. भिंत तीच राहते, पण जळणारी वस्तू दर आठवड्याला बदलते. आपली सगळी तपासणी भिंतीभोवती उभी आहे. मला सांगायचे आहे ते हेच, आणि बाकीचे सगळे त्याचा विस्तार आहे.

या गोष्टीचे सर्वात जळजळीत उदाहरण अमेरिकेतल्या बोस्टन शहरातले आहे. ‘कोकोनट ग्रोव्ह’ नावाचा नाइट क्लब. नावाप्रमाणे आत नारळाची कृत्रिम झाडे, त्यांच्या झावळ्या आणि तळघरातल्या बारमध्ये छताखाली ताणलेले कापड. नोव्हेंबर १९४२ मध्ये अग्निशमन खात्याचा निरीक्षक तिथे आला. त्याने सजावटीतल्या एका झावळीला पेटती काडी लावून पाहिली. ती पेटली नाही. त्याने जागा ठीक असल्याचा शेरा दिला. त्यानंतर आठ दिवसांनी, २८ नोव्हेंबरच्या रात्री, त्याच तळघरात आग लागली, छताखालच्या कापडावरून धावली, जिन्याने वर आली आणि ४९२ माणसे गेली. मुख्य दार फिरते होते, ते माणसांनी चोंदले. इतर काही दारे बंद होती, काही आत उघडणारी. आगीचे मूळ कारण अधिकृतपणे अज्ञातच राहिले.

निरीक्षकाने काडी लावली होती, ती पेटली नव्हती, आणि तरीही ४९२. का? एका झावळीला लावलेली काडी त्या एका झावळीविषयी सांगते. छताखालच्या कापडाविषयी ती काहीच सांगत नाही. भिंतीवरच्या नकली चामड्याविषयी नाही. खचाखच भरलेल्या खोलीत छतापाशी साठणाऱ्या उष्णतेविषयी तर मुळीच नाही. काडीची चाचणी आवश्यक आहे, तिच्याबद्दल मी पुढे सांगणारच आहे. पण ती कुठे पुरत नाही, हे आधी समजून घ्या.

आता कापडाकडे वळू. इथे थोडे रसायनशास्त्र येईल, पण ते टाळले तर पुढचे सगळे नुसते नियम होऊन बसतील.

आपल्या हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. कोणते कापड जळत राहायला किमान किती ऑक्सिजन लागतो, हे प्रयोगशाळेत मोजता येते. सुती कापडाला १८ टक्के पुरतो. म्हणजे साध्या हवेत ते पेटले की पेटतच जाते. ॲक्रिलिक आणि पॉलिप्रॉपिलीनही त्याच्याच आसपास. पॉलिएस्टरला २० ते २१ लागतो, म्हणजे ते अगदी काठावर आहे. लोकरीला २५ च्या आसपास, म्हणून लोकर सहज पेटत नाही. ज्वालारोधक प्रक्रियेचे सगळे काम या आकड्याला २१ च्या बरेच वर नेणे एवढेच आहे. कापड अमर होत नाही. मोठ्या आगीत ते जळणारच. पण छोटी ठिणगी छोटीच राहते, आणि माणसांना दारापर्यंत पोचायला वेळ मिळतो.

हे काम होते कसे? सुती कापड तापले की त्यातल्या सेल्युलोजचे तुकडे होऊन जळाऊ वाफा निघतात. ज्योत त्या वाफांवर जगते. फॉस्फरसची संयुगे सेल्युलोजला दुसऱ्या वाटेला लावतात. त्यातले पाणी निघून जाते, मागे कोळसा राहतो आणि जळाऊ वाफा कमी होतात. टाकणखार आणि बोरिक आम्ल तापल्यावर वितळून धाग्यावर काचेसारखा थर धरतात. अमोनियाची लवणे न जळणारा वायू सोडतात. प्रक्रिया केलेला सुती पडदा ज्योतीत धरला तर तो चुलीतल्या ओल्या लाकडासारखा धुमसतो, काळा पडतो आणि ज्योत बाजूला घेतली की विझतो.

ही विद्या नवी नाही. १७३५ मध्ये इंग्लंडमध्ये ओबडाया वाइल्ड यांनी याचे पेटंट घेतले. त्यात तुरटी होती, टाकणखार होता, हिराकस होता. १८२१ मध्ये फ्रान्समध्ये जोसेफ लुई गे-ल्युसॅक यांनी अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि टाकणखार यांचे मिश्रण मांडले. कशासाठी? नाट्यगृहातल्या कापडासाठी. तेव्हा रंगमंच उघड्या ज्योतीवर चाले आणि पडदे पेटत. तुरटी, टाकणखार, हिराकस, नवसागर: हे सगळे आपल्या गावातल्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळत आले आहे. आजही सुती पडद्यासाठी १०० भाग पाण्यात ७ भाग टाकणखार आणि ३ भाग बोरिक आम्ल हे जुने प्रमाण चालते. कापड त्यात पूर्ण बुडवायचे, पिळायचे, वाळवायचे. वरवर फवारा मारून भागत नाही, आतला धागा कोरडाच राहतो.

मग अडचण कुठे आहे? अडचण धुलाईत आहे. ही लवणे पाण्यात विरघळतात म्हणूनच कापडात भिनतात, आणि म्हणूनच एका धुण्यात निघूनही जातात. नुसत्या धुण्यानेच नाही, कोकणातल्या, मुंबईतल्या पावसाळ्यात ही लवणे दमट हवेतला ओलावा ओढून घेतात, पडदा जड होतो, त्यावर पांढरी भुकटी उमटते, लोखंडी दांड्याला गंज चढतो. ती भुकटी झटकली म्हणजे पैसे देऊन करून घेतलेली प्रक्रियाच झटकली. किती ठिकाणी ‘पडदे मळले’ म्हणून ते लाँड्रीत जातात आणि इस्त्री होऊन परत टांगले जातात! प्रमाणपत्र फाइलमध्ये तसेच असते. पडद्यातले रसायन गटारात गेलेले असते.

टिकाऊ प्रक्रियाही आहेत. सुती कापडात फॉस्फरसचे संयुग घालून ते अमोनिया वायूत पक्के करतात. अशी प्रक्रिया अनेक धुण्यांना टिकते, मात्र धुताना ब्लीच चालत नाही. पॉलिएस्टरच्या बाबतीत त्याहून चांगला मार्ग आहे. धागा बनतानाच त्याच्या रेणूत फॉस्फरस बसवतात. ते धुऊन जाण्याचा प्रश्नच उरत नाही. जो माणूस हॉटेलसाठी नवे पडदे घेणार आहे त्याला माझा सल्ला सरळ आहे: नंतर फवारा मारून घेण्यापेक्षा मुळातच ज्वालारोधक धाग्याचे कापड घ्या. महाग पडते, पण एकदाच.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण इथे अनुभवी माणसेही फसतात. पॉलिएस्टरचे कापड ज्योतीपाशी नेले तर ते आधी आकसते, साधारण २५५ अंशांच्या पुढे वितळते आणि ज्योतीपासून दूर पळते. म्हणून एकट्या पॉलिएस्टरच्या तुकड्याची चाचणी पुष्कळदा चांगली निघते. त्याच पॉलिएस्टरला मागे सुती अस्तर लावा. आता वितळलेल्या पॉलिएस्टरला पळायला जागा नाही. सुती धागा त्याला धरून ठेवतो आणि दोन्ही मिळून भडकतात. सूत आणि पॉलिएस्टरच्या मिश्र कापडाचेही तेच. एकटे पॉलिएस्टर पास, अस्तरासकट नापास. मंगल कार्यालयात आपण काय करतो? सुती मांडवाच्या कापडावर साटीन, साटीनवर नेट, नेटवर कृत्रिम फुलांच्या माळा आणि त्यात गुंडाळलेल्या विजेच्या माळा. चाचणी हवी ती टांगल्यावर जसे दिसते तशा सगळ्या थरांची.

ज्यांच्यावर कुठलीही फवारणी उपयोगाची नाही, अशा वस्तूंबद्दल मला अधिक काळजी वाटते. प्लास्टिकच्या वेली, कृत्रिम गवताची हिरवी भिंत, थर्माकोल, फोम. प्लास्टिक पाणी शोषत नाही, मग लवण भिनणार कुठे? वर बसलेला थर पहिल्या फडक्याने पुसला जातो. या वस्तू बनतानाच ज्वालारोधक असल्या तर असल्या, नाहीतर नाहीत. ‘आम्ही स्प्रे करून देतो, सर्टिफिकेटही देतो’ असे कोणी प्लास्टिकच्या वेलींबद्दल म्हणाले, तर तो तुम्हाला कागद विकतो आहे.

आणि फोम? २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातल्या एका नाइट क्लबात वाद्यवृंदाच्या मागे आवाज अडवण्यासाठी लावलेल्या पॉलियुरेथेन फोमला आतषबाजीची ठिणगी लागली. साधारण दीड मिनिटात आत थांबणे जिवावर बेतण्यासारखे झाले. १०० माणसे गेली. २७ जानेवारी २०१३ रोजी ब्राझीलमधल्या सान्ता मारिया शहरात तेच घडले, तसाच फोम, तशीच ठिणगी, २४२ मृत्यू, बहुतेक तरुण विद्यार्थी. पॉलियुरेथेन जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइड सोडते. माणसे ज्वाळेने कमी, विषारी धुराने अधिक गेली. आपल्याकडे आज लग्नात वधूवरांच्या प्रवेशाला ‘कोल्ड पायरो’च्या ठिणग्यांची कारंजी उडवतात. नावात ‘कोल्ड’ आहे म्हणून कापडाच्या कमानीखाली ती बिनधास्त लावली जातात. ठिणगी निघते तिथे ती थंड नसते. कमान आणि कारंजे एका ठिकाणी नकोत, एवढा नियम प्रत्येक कार्यालयाने आजपासून पाळावा.

हे सगळे परदेशात घडते असे नाही. २३ डिसेंबर १९९५, हरियाणातले डबवाली, शाळेच्या समारंभाचा मंडप, ४०० हून अधिक बळी, त्यांत पुष्कळ मुले. २३ जानेवारी २००४, तमिळनाडूतले श्रीरंगम, लग्नाचा मांडव, ५० हून अधिक बळी, त्यांत नवरदेव. १० एप्रिल २००६, मीरतमधले प्रदर्शन, मंडपाखाली ६५. आणि आपल्या मुंबईत, २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर, लोअर परळच्या कमला मिल्स आवारात, जिथे एकेकाळी कापड विणले जात होते तिथेच, गच्चीवरच्या रेस्टॉरंटांमध्ये १४ माणसे. अग्निशमन दलाच्या अहवालाने हुक्क्याच्या निखाऱ्यांच्या ठिणग्या आणि ज्वलनशील पडदे यांच्याकडे बोट दाखवले. अनेक जण आसऱ्यासाठी स्वच्छतागृहात शिरले आणि तिथेच गुदमरले. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफडे इथल्या नाइट क्लबात २५ गेले. त्यांतले बहुतेक तिथले कर्मचारी होते.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम पुन्हा म्हणतो. बहुतेक तिथले कर्मचारी होते. ग्राहक दोन तास बसून घरी जातो. स्वयंपाकी, वेटर, पडदे बांधणारा, माळा लावणारा, हे रोज त्याच छताखाली असतात. सजावट कशाची आहे हे विचारण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ ने जबाबदारी मालक आणि भोगवटादार यांच्यावर टाकली आहे. यंत्रणा चालू स्थितीत आहे, असा परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. पडद्यांच्या कापडासाठी भारतीय मानक आयएस १५७४१ आहे, मंडपांसाठी आयएस ८७५८ आहे. म्हणजे मानके नाहीत असे कोणी म्हणू नये. कमतरता आहे ती मानक आणि टांगलेला पडदा यांना जोडणाऱ्या दुव्याची. जपानने तो दुवा १९६८ च्या कायदा-दुरुस्तीने बांधला. हॉटेले, रुग्णालये, नाट्यगृहे आणि ३१ मीटरहून उंच इमारती यांत लावायच्या पडद्यांना, गालिच्यांना, प्रदर्शनाच्या प्लायवूडलाही ज्वालारोधक असल्याचे लेबल त्या वस्तूवरच लागते. तपासणीला आलेला माणूस फाइल मागत नाही, पडद्याची कड उलटून बघतो. आपल्याकडे हे का होऊ नये? शिवणाऱ्याने एक पट्टी शिवायची: कापड कशाचे, प्रक्रिया कोणती, तारीख कोणती, किती धुण्यांनंतर पुन्हा करायची.

लेबल येईपर्यंत काय करायचे? सांगतो, लिहून घ्या.

सर्वात आधी कमी करा. जी सजावट नसली तरी चालते ती काढून टाका. प्रक्रिया न केलेल्या पडद्यापेक्षा बिनपडद्याची खिडकी कधीही सुरक्षित. यात आणखी एक कारण आहे. ज्वालारोधक रसायने सगळीच निरुपद्रवी नाहीत. ब्रोमीनयुक्त काही रसायनांवर स्टॉकहोम कराराने बंदी आणली आहे. बोरिक आम्लही श्वासावाटे रोज जाणे बरे नव्हे. म्हणून फवारणी करणाऱ्या कामगाराला मास्क आणि उघडी हवा हवीच, आणि ज्या वस्तूवर रसायन मारावेच लागणार नाही ती वस्तू सर्वात चांगली.

मग जे ठेवायचे त्याची एक नोंदवही करा. पडदा धुवायला गेला की त्यात तारीख पडली पाहिजे. सजावट बदलली की नवी ओळ पडली पाहिजे. प्रक्रिया करून घेताना त्याच कापडाच्या चार-सहा जादा पट्ट्या त्याच द्रावणातून काढून घ्या आणि पडद्याच्या मागे, त्याच हवेत टांगून ठेवा. म्हणजे चाचणीसाठी पडदा कापावा लागत नाही. पडदा धुतला की पट्ट्याही त्याच्याबरोबर धुवा.

चाचणी अशी. साधारण अर्धा इंच रुंद आणि चार इंच लांब पट्टी, कितीही थरांची सजावट असेल तर तितक्या थरांची. उघड्यावर, वारा नसलेल्या जागी, चिमट्यात उभी धरायची, पायाशी पाण्याची बादली. खालच्या टोकाला काडीची ज्योत बारा सेकंद. मग काडी काढून घ्यायची आणि मोजायचे. दोन सेकंदांच्या आत ज्योत विझली पाहिजे. जळता थेंब जमिनीवर पडून जळत राहिला तर ती वस्तू नापास, बाकी काहीही दिसो. टांगलेल्या पडद्याला जागेवर काडी लावून पाहण्याचा वेडेपणा कोणी करू नये. आणि ही चाचणी पास झाली म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राची गरज संपत नाही. ही चाचणी नापास वस्तू बाहेर काढण्यासाठी आहे. बोस्टनच्या निरीक्षकाने तिचा उपयोग उलटा केला.

फवारणी करणाऱ्या एजन्सीला रोख विचारा: कोणत्या कापडावर, कोणते रसायन, किती प्रमाणात, बुडवून की फवारून, कोणत्या मानकाने तपासले, किती धुण्यांपर्यंत. यातल्या एकाही प्रश्नाला ‘सगळे होऊन जाईल’ असे उत्तर आले, तर ते काम देऊ नका.

अग्निशमन दलातल्या मित्रांना माझी विनंती आहे. फॉर्म बीला सजावटीचे एक पान जोडून मागा. कायदा बदलण्याची वाट पाहू नका, तपासणीच्या वेळी ते पान मागण्यापासून सुरुवात करा. मालकांना विनंती आहे, ते पान मागण्याआधी तयार ठेवा. आणि इथे बसलेल्या प्रत्येकाला, घरचे कार्य ठरवायला कार्यालय बघायला जाल तेव्हा, जेवणाच्या ताटाचा दर विचारता तसा पडद्यांचा कागदही मागा. पुढचा फॉर्म बी जुलैमध्ये आहे. अडीच महिने हातात आहेत, तेवढ्यात तुमच्या जागेतल्या प्रत्येक पडद्याची पट्टी तपासून होईल.